श्वासांचा रकाना

चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती. बाबा नेहमीप्रमाणे पहाटेच माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचं, सामान आणायला रानात गेले. आता सगळं बाजारात मिळतं, पण कांगलां आणि आंबाडे स्वतः काढून आणल्याशिवाय त्यांना चवथ आल्यासारखं वाटत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरात हे असंच चालत आलंय. परत आले तेव्हा उजव्या नडगीवर बोटभर लांबीचा ओरखडा होता. आईने खोबरेल तेलात हळद कालवून लावली. कसला काटा होता म्हणून तिने विचारलं, तर म्हणाले, बघितलाच नाही. त्यावर एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना कुडकुडून थंडी वाजली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. सकाळी जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, तापाच्या गोळ्या दिल्या आणि रक्त तपासून घ्या म्हणाले. डेंगीचे दिवस होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, रानात गेले होते ना, माकडताप असेल. २०१५ पासून सत्तरीत गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची धास्ती बसलीय ती बसलीच, पण तो हिवाळ्यापासून पाऊस लागेपर्यंतचा आजार. भर श्रावण-भाद्रपदात तो मनात यायचं कारण नव्हतं. पायाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ओरखडा तर सुकत आला होता.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी साखळीहून माहेरी पोचले. मी प्राथमिक शाळेत शिकवते, सुट्टी नुकतीच लागली होती. बाबा खाटेवर उशाला टेकून बसले होते. माझ्या मुलीला त्यांनी हाक मारली ती त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने. आई हसून म्हणाली, तापात बडबडतायत. मी कपाळाला हात लावला, कपाळ तापलेलं. हात हातात घेतला, तर गार. धोतर जरा वर सारलं तेव्हा घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पाय लालभडक, चकचकीत सुजलेला दिसला. सकाळपासून ते लघवीला गेले नव्हते, हे आईला विचारल्यावर कळलं. मी विचारलं, बाबा, कसं वाटतंय? म्हणाले, "हांव बरो आसां गो." दर वाक्यामागे त्यांना धाप लागत होती.

दादाने गाडी काढली आणि आम्ही शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते त्या एका दाराआडचं नाही.

कॅज्युअल्टीत ताप मोजला, बीपी घेतलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, साखर बघितली, सलाईन लावलं. ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते, एकटेच होते, आणि बाहेर अपघाताचे दोघे आलेले होते. डेंगी असावा, रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, सकाळी फिजिशियन बघतील, असं म्हणाले. मी सिस्टरला सांगितलं, "हे असं कधी बोलत नाहीत. हे आमचे बाबा वाटतच नाहीत." ती म्हणाली, तापात होतं तसं. आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा विचार मी आजही करते. मी वर्गात पंचवीस मुलांसमोर मोठ्याने बोलणारी बाई, पण पांढऱ्या कोटासमोर माझा आवाज गेला. घरच्या माणसाला जे दिसतं ते लक्षण असतं, तक्रार नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रात्री उशिरा एक चिठ्ठी हातात आली. इंजेक्शन आणा. दादा खालच्या फार्मसीत धावला, पिशवी आणून सिस्टरच्या टेबलावर ठेवली. नंतर आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो. पहाटे तीनच्या सुमाराला एकदम धावपळ झाली. बीपी लागत नव्हतं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आमच्याकडे आयसीयूची खाट नाही, बांबोळीला न्या. १०८ ला फोन केला. आमोणा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलेय, त्या रात्री प्रत्येक गतिरोधक मोजला. वाटेत एका घरी गणपतीचा मांड सजवून ठेवलेला दिसला, पाट रिकामा होता.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने काय केलं ते मी बारकाईने सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय. ती बाबांच्या पायांकडे जाऊन उभी राहिली. चादर पूर्ण काढली. लाल पाय बघितला, गुडघ्यांवरची जांभळट जाळी बघितली. बोटाचं नख दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघत राहिली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे आणि बाबांच्या छातीकडे आळीपाळीने बघत ती एक अख्खं मिनिट काही न बोलता उभी होती. मला वाटलं, अशा वेळी ही नुसती उभी काय? मिनिट संपल्यावर ती म्हणाली, "बत्तीस." मग मला विचारलं, शेवटची लघवी कधी झाली? असं असंबद्ध कधीपासून बोलतायत? नेहमी कसे बोलतात? रात्रभरात हे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

दोन्ही हातांतून रक्त घेऊन कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या, बाटल्या भरल्या. अवयवांना रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारं लॅक्टेट तपासलं, ५.८ आलं. दोनच्या आत असायला हवं, हे नंतर कळलं. अँटिबायोटिक्स लगेच सुरू झाली, सलाईन जोरात सोडलं, त्याने बीपी चढेना तेव्हा नॉरॲड्रेनलिनची धार लावली. मला ती म्हणाली, "सेप्सिस आहे."

मी म्हटलं, "सेप्टिक? पण जखमेत पू नाही."

आमच्या बोलण्यात सेप्टिक म्हणजे चिघळलेली जखम. काटा सेप्टिक झाला, टाके सेप्टिक झाले. त्यामुळे सेप्सिस हा शब्द ऐकूनही आपल्याला काही ऐकू येत नाही. तिने घाईघाईत सांगितलं ते असं: जंतू पायातून शिरले, पण आता धोका फक्त जंतूंचा नाही, त्यांच्याशी लढताना शरीराचंच ताळतंत्र सुटलंय, आणि त्यात मूत्रपिंडं, मेंदू, फुप्फुसं सगळ्यांनाच मार बसतोय. मराठीत याला एक धड शब्द नाही. रक्तात विष भिनलं म्हणायचे जुने लोक, ते निदान भीती घालायचं तरी. आता रुग्णालयात नातेवाइकांना सांगतात, इन्फेक्शन पसरलंय. मृत्यूच्या दाखल्यावर येतं, अनेक अवयव निकामी. मधला शब्द गायब.

आमच्या घरचा गणपती त्या वर्षी काकांनी पुजला. बाबा नऊ दिवस आयसीयूत, बारा दिवस वॉर्डात होते. वाचले. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली ती काढावी लागली.

ते वॉर्डात असतानाच मी पहिल्या रुग्णालयातून केसपेपर मागवायचं ठरवलं. दादा वैतागला. म्हणाला, माणूस वाचला ना, आता कसले कागद? भांडायचंय का कुणाशी? मला भांडायचं नव्हतं. बत्तीस हा आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्याआधी तो किती होता, एवढंच मला बघायचं होतं.

कागद मिळवायचे कसे, ते जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांना तो हक्क आहे हेच माहीत नसतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या, आणि दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. हे मला पहिल्या फेरीत माहीत नव्हतं. तेव्हा रेकॉर्ड सांभाळणारे रजेवर असल्याचं सांगून मला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी विचारलं, कशासाठी हवेत? केस करणार? मी म्हटलं, वाचायला हवेत. तिसऱ्या वेळी मी बाबांच्या सहीचं अधिकारपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि नियमाचा उल्लेख केलेला अर्ज घेऊन गेले. अर्जाच्या माझ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घेतली. तिसऱ्या दिवशी एकतीस पानांच्या झेरॉक्स मिळाल्या. अर्जात नुसतं केसपेपर लिहू नका. डिस्चार्जचा कागद हातात ठेवून मोकळे होतात. कॅज्युअल्टीची पहिली नोंद, नर्सिंगच्या नोंदी, बीपी-नाडीचा तक्ता, औषध दिल्याचा तक्ता आणि लॅबचे छापील वेळेसह अहवाल, असं एकेक नाव घेऊन मागा.

शाळेची एक कोरी वही घेतली, रकाने आखले. वेळ, काय दिसलं, काय लिहिलं, काय केलं. तीन संध्याकाळ त्यात गेल्या. डॉक्टरी अक्षर लावायला माझी पुतणी मदतीला होती, ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

दारावरच्या नोंदीत आम्ही आलो ८:५५ ला. ९:१० ला ताप १०२.६, नाडी १२४, बीपी ९८/६०, श्वास २०. साडेदहाला नाडी १२८, बीपी ९४/५६, श्वास २०. तिथेच सिस्टरने लिहिलं होतं: रुग्ण अस्वस्थ, असंबद्ध बोलतो. म्हणजे माझं बोलणं तिने ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, लिहूनही ठेवलं होतं. ते वाचताना मला रडू आलं. पुढे कुणी वाचलं नाही ते. ११:१५ ला डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं. पाऊण वाजता बीपी ९०/५०, श्वास २०. लघवीचा रकाना कोरा. २:५० ला बीपी ८०/४०, श्वास २०, आणि तिथेच अँटिबायोटिकचा पहिला डोस दिल्याची खूण.

आल्यापासून पहिल्या डोसापर्यंत पाच तास पंचावन्न मिनिटं.

पुतणी म्हणाली, फार्मसीतून आणायला वेळ लागला असेल. दादा काही न बोलता उठला, त्या दिवशीच्या शर्टाचा खिसा चाचपला आणि चुरगळलेलं बिल माझ्यासमोर ठेवलं. बिलावर छापील वेळ होती, ११:३२. औषध तीन तासांहून जास्त वेळ टेबलावर, आमच्या डोळ्यांसमोर, पिशवीत पडून होतं. दादा त्यानंतर वहीजवळून हलला नाही.

आणि तो श्वासांचा रकाना. वीस, वीस, वीस, वीस. वीसचे दीड तासात बत्तीस होऊ शकतात, हे मी मान्य करते. पण नाडी वाढतेय, बीपी घसरतंय, माणूस धापा टाकतोय, आणि श्वास मात्र चार वेळा ठोक वीस? पुतणी खाली मान घालून म्हणाली, "काकी, बीपी मशीन दाखवतं, नाडी मशीन दाखवतं, ऑक्सिजनही दाखवतं. श्वास मोजायला मिनिटभर उभं राहावं लागतं. वॉर्डात तीस पेशंट असतात." तिने त्याहून जास्त काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डॉक्टर-परिचारिकांच्या जगात हे जुनं, सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं आहे: शरीर बिघडत चालल्याची खूण सगळ्यात आधी बहुधा श्वासात दिसते, आणि तोच आकडा सगळ्यात कमी मोजला जातो.

२०१६ साली सेप्सिसची व्याख्या नव्याने केली तेव्हा तज्ज्ञांनी खाटेशेजारी उभ्या उभ्या बघता येतील अशा तीन गोष्टी सांगितल्या होत्या: श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि शुद्धीत फरक. तिन्हीपैकी दोन असल्या तर सावध व्हायचं. नंतर सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने म्हटलं की फक्त या तिघांवर विसंबू नका, सगळ्या नोंदींची बेरीज करणाऱ्या पद्धती वापरा. ते ठीकच. पण बाबांच्या कागदावर साडेदहा वाजता दोन गोष्टी शाईने लिहिलेल्या होत्या. तिसरी मोजली असती तर तीही सापडली असती. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्यावर त्या एकत्र वाचायची सक्ती कुणी केली नव्हती.

सक्ती हा शब्द मनात आला आणि मी शोधू लागले की कुठे अशी सक्ती आहे का. आहे. २०१२ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टॉन्टन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला शाळेत व्यायामाच्या तासाला चेंडूमागे झेपावताना हाताला खरचटलं. ताप, उलट्या, पाय दुखणं. पोटाचा विकार समजून त्याला रुग्णालयातून घरी पाठवलं. रक्ताचे अहवाल तो घरी गेल्यावर तयार झाले, त्यांत धोका दिसत होता, तो आईबापांपर्यंत पोचला नाही. १ एप्रिलला तो गेला. मी हे वाचलं त्या रात्री जेवले नाही. एक ओरखडा.

त्याचे आईवडील, ओर्ला आणि किअरन, सरकारच्या मागे लागले आणि २०१३ साली न्यूयॉर्क राज्याने नियम केले. ते रोरीच्या नावानेच ओळखले जातात. प्रत्येक रुग्णालयाने सेप्सिस लवकर ओळखायची आणि उपचार करायची स्वतःची लेखी पद्धत बनवायची, कर्मचाऱ्यांना ती शिकवायची, आणि किती रुग्णांना किती वेळात काय मिळालं याची माहिती राज्याला द्यायची. पहिल्या तीन तासांत रक्ताचं कल्चर, लॅक्टेट आणि अँटिबायोटिक. मुलांच्या बाबतीत आणखी एक: तातडीचे अहवाल बघून पालकांना सांगितल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. पुढे तिथल्या १४९ रुग्णालयांतल्या ४९,३३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तीन तासांतली ती कामं पुरी व्हायला लागलेल्या प्रत्येक जादा तासामागे मृत्यूची शक्यता वाढत होती, आधीच्या तुलनेत अंदाजे चार टक्क्यांनी. त्या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग निष्कर्ष नाही, तो अभ्यास होऊ शकला हा आहे. वेळा लिहायची सक्ती होती म्हणून वेळा होत्या. आमच्याकडे हे शोधायला चुरगळलेलं बिल लागलं.

त्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, जागतिक आरोग्य सभेने सेप्सिसवर ठराव केला आणि सदस्य देशांना सांगितलं की याचं प्रतिबंधन, निदान, उपचार आपल्या आरोग्यव्यवस्थेत आणा. आपला देश सदस्य आहेच. त्या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख गेले, असा अंदाज नंतर मांडला गेला. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक.

गोव्याने २०१९ साली वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा स्वतःचा कायदा केलाय. रुग्णालयाने नोंदणी टिकवायला काय काय पाळायचं, हे ठरवायची चौकट म्हणजे हातात आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या चौकटीत हे बसवा. मी निवेदन लिहायला घेतलं.

पहिला मसुदा मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त डॉक्टरांना दाखवला. त्यांना मी लहानपणापासून डॉक्टरमामा म्हणते. त्यांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, "बाय, तू लिहिलंस की ताप आणि जलद नाडी असेल त्या प्रत्येकाला एका तासात अँटिबायोटिक द्या. ऑगस्टमध्ये गोव्यातल्या कुठल्याही ओपीडीत बस. डेंगी, लेप्टो, मलेरिया, स्क्रब टायफस, साधा व्हायरल. सगळ्यांना मोठी अँटिबायोटिक्स टोचत बसलो तर उद्या तुझ्या बाबांसारख्याला द्यायला चालणारं औषध उरणार नाही." मला राग आला. मी म्हटलं, मग माझ्या बाबांना सहा तास काहीच मिळालं नाही ते बरोबर? ते म्हणाले, "नाही. ते चूकच. पण तुझं वाक्यही चूक आहे."

घरी येऊन मी ते वाक्य पाच वेळा वाचलं आणि लाल पेनने खोडलं. त्यांचं बरोबर होतं. २०२१ ची मार्गदर्शिकाही हाच फरक करते: शॉक असेल, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त पुरत नसेल, किंवा सेप्सिसची शक्यता फार मोठी असेल तर तासाभरात औषध, शॉक नसेल आणि खात्री नसेल तर झटपट तपासण्या करा, आणि संशय उरलाच तर तीन तासांच्या आत द्या. म्हणजे घड्याळ सगळ्यांसाठी सुरू करायचं, औषध सगळ्यांना नाही. आणि पहिल्या डोसाआधी कल्चर घ्यायचं ते एवढ्याचसाठी. बाबांच्या कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस निघाला, साध्या पेनिसिलिनला दबणारा. तिसऱ्या दिवशी बांबोळीच्या डॉक्टरांनी मोठी औषधं थांबवून पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिनवर आणलं. रक्त आधी घेतलं नसतं तर हे कळलं नसतं आणि मोठी औषधं चालूच राहिली असती. हे मी निवेदनात आमच्याच कागदांसह लिहिलं. डॉक्टरमामांनी दुसरा मसुदा वाचून खाली स्वतःची सही केली.

शेवटी त्यात राहिलं ते असं. कॅज्युअल्टीत आलेल्या तापाच्या किंवा संसर्गाच्या प्रत्येक रुग्णाचे श्वास मिनिटभर मोजून लिहावेत, मोजणाऱ्याच्या सहीसह. संशय आला त्या क्षणाची वेळ कागदावर वेगळी लिहावी, कारण ती नसली तर पुढचं काहीच मोजता येत नाही. पहिला डोस कॅज्युअल्टीच्या कपाटातूनच द्यावा, हिशेब मागाहून. नातेवाइकाला चिठ्ठी देऊन फार्मसीत धाडू नये. हा मुद्दा मी सोडणार नाही. औषध लिहिणारा डॉक्टर एक, विकत आणणारा भाऊ दुसरा, टोचणारी सिस्टर तिसरी, आणि तिघांच्या मधे एक टेबल. तिथेच तीन तास गेले. आयसीयू नसलेल्या रुग्णालयाने पहिला डोस देऊन, कल्चर घेऊन, वेळ लिहूनच पुढे पाठवावं.

आणि घरच्यांचं ऐकायची सोय हवी. इंग्लंडात मार्था मिल्स ही मुलगी २०२१ मध्ये चौदावा वाढदिवस यायच्या थोडं आधी सेप्सिसने गेली. आई सांगत होती, हिची अवस्था बिघडतेय. आईच्या पाठपुराव्यातून मार्थाचा नियम आला, २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत तो लागू होतोय: रुग्णाला किंवा घरच्यांना वाटलं तर दुसऱ्या पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते, आणि रुग्णाच्या जवळच्यांना रोज विचारायचं, आज कसे वाटतायत? मला त्या रात्री असा एक फोन नंबर भिंतीवर लावलेला दिसला असता तर मी मान डोलावली नसती, असं मला वाटतं. खात्री नाही. पण वाटतं.

निवेदन मी पणजीला जाऊन दिलं, पोच घेतली. दोन महिन्यांनी पत्र आलं, विषय तपासला जात आहे. महिन्यातून एकदा मी आवक क्रमांक सांगून फोन करते. पुढच्या बैठकीला वहीच्या प्रती घेऊन या, असं गेल्या खेपेला सांगितलंय. प्रती काढून ठेवल्यात.

त्या पहिल्या रुग्णालयालाही मी वहीतलं ते एक पान पाठवलं होतं, नोटीस म्हणून नाही, साध्या पत्रासोबत. त्यांनी बोलावलं. वैद्यकीय प्रमुख आणि मेट्रन असे दोघं होते. प्रमुख बराच वेळ मनुष्यबळाबद्दल बोलले, आणि ते खोटं नव्हतं. रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर, एवढ्यात काय काय होणार. मी म्हटलं, म्हणूनच नियम हवा, म्हणजे माणसं मागायला तुमच्या हातातही कागद येईल. मेट्रन सबंध वेळ पानाकडे बघत होत्या. श्वासांच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, "बांबोळीला किती भरले?" मी सांगितलं, बत्तीस. त्यांनी ते पान घडी करून खिशात ठेवलं.

गेल्या मे महिन्यात माझ्या दुसऱ्या आतेला ताप आला, खोकला होता, अन्न जात नव्हतं. तेच रुग्णालय जवळ. मी तिला घेऊन गेले, पाय जड झाले होते माझे. सिस्टर नवीन होती, विशीतली. ताप घेतला, बीपी घेतलं, बोटाला चिमटा लावला. मग खिशातून साधं काट्याचं घड्याळ काढून तिने तळहातावर ठेवलं आणि आतेच्या छातीकडे बघत उभी राहिली. मीही मनात मोजायला लागले. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली, तिने हात वर करून थांबवलं. मिनिट झालं. माझे चोवीस भरले होते. तिनेही चोवीस लिहिले, पुढे वेळ घातली, ७:४२, सही केली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.